फोटोभोवतीचं हिरवं कडं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बेसिकली' जमले तेवढे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच आहे. त्यामुळं भरकटलो तर वळणावर आणायलाही कुणी नाही, सांभाळून घ्या.

आजचा विषय नोकरी शोधणं, आणि त्यातही लिंक्डइन. आता तुम्ही म्हणाल, यावर ढीगभर व्हिडिओ पडलेत. प्रोफाइल असं करा, हेडलाइन तसं लिहा. त्यातलं थोडं मीही सांगेन, मधे मधे येईल. पण मला मुख्य बोलायचंय ते त्या हिरव्या कड्याबद्दल. लिंक्डइनवर फोटोभोवती 'ओपन टू वर्क' लिहिलेलं जे हिरवं कडं दिसतं ना, ते. २०२० मध्ये आलं ते. पुण्या-बेंगळुरूच्या माणसासाठी ते एक बटण आहे. आमच्याकडच्या माणसासाठी ती गावात दिलेली दवंडी आहे. मी ती दिलीय, म्हणून सांगतो.

मी येरमाळ्याजवळच्या एका गावचा. तालुका कळंब, जिल्हा धाराशिव. शाळा गावात, अकरावी-बारावी लातूरला, कारण 'लातूर पॅटर्न'. पॅटर्न काही माझ्या अंगी लागला नाही, मेसचं जेवण तेवढं लागलं. मग बीटेक जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून. २०१७ ला प्रवेश, लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची डिग्री, २०२१ ला बाहेर. शेवटची वर्षं कोविडमुळं अर्धी मोबाइलवरच झाली. पण नशीब असं, की २०२१ मध्ये आयटीत भरतीचा पूर आला होता. ऑनलाइन टेस्ट, दोन इंटरव्ह्यू, आणि पुण्यात जावा डेव्हलपर. कंपनीचं नाव घेत नाही. घरी पेढे वाटले. कुंथलगिरीचे, साधे नाहीत.

आणि मग जानेवारी २०२३. एका सोमवारी सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. मॅनेजर आणि एचआरची एक ताई. पंधरा मिनिटंही लागली नाहीत खरं तर. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस बंद, हातात दोन महिन्यांचा पगार.

तेव्हा सगळीकडंच तसं चाललं होतं. आधीच्या नोव्हेंबरात मेटानं ११,००० लोक काढायचं जाहीर केलं होतं. त्याच जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं १०,००० आणि गूगलनं १२,०००. पुढं मे महिन्यात तर खुद्द लिंक्डइननं ७१६ जणांना घरी पाठवलं. जी कंपनी जगाला नोकरी शोधून देते तिचीच माणसं नोकरी शोधायला लागली, आणि शोधणार कुठं, तर लिंक्डइनवर. मित्र म्हणायचे, अरे गूगलवाल्यांची गेली, तुझं काय घेऊन बसलास! गूगलवाल्याची गेली म्हणून माझ्या रूमचं भाडं काही कमी झालं नाही.

फेब्रुवारीत रूम सोडली आणि गावी आलो. घरी काय सांगितलं? 'वर्क फ्रॉम होम दिलंय.'

हे खोटं मी जवळजवळ अडीच महिने चालवलं. कॉलेजचा जुना लॅपटॉप काढला, रेंजसाठी माळवदावर पत्र्याच्या सावलीत बसायचं, कानाला हेडफोन. हरभऱ्याची काढणी चालू होती. आई खालून बारक्या पोरांना दटावायची, "दादाचं हापिस चालू हाय, गप बसा." आणि मी वर बसून कुणाशीच बोलत नव्हतो. कधी कधी उगाच 'येस, येस, ओके' म्हणायचो. आता हसू येतं, तेव्हा घशाला कोरड पडायची.

का सांगितलं नाही? नुसती लाज म्हणून नाही. त्या वेळी घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. बायोडाट्यावर लिहिलं होतं: सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे, आणि खाली पॅकेज. तो बायोडाटा व्हॉट्सॲपवरून बार्शी, वाशी, भूम, केजपर्यंत फिरत होता. आणि रात्री मी दुसरा बायोडाटा बनवत होतो, कंपन्यांना पाठवायचा. एकाच वेळी माझे दोन बायोडाटे बाजारात होते. एकात नोकरी होती, दुसऱ्यात नव्हती.

आता शोधायची पद्धत सांगतो, कारण इथं बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. लिंक्डइनवर 'ईझी ॲप्लाय' नावाचं बटण आहे. दोन क्लिक आणि अर्ज गेला. हे सोपं असणं हीच त्यातली गोम. तुम्हाला सोपं म्हणजे सगळ्यांनाच सोपं. जाहिरात पडून दोन तास होत नाहीत तोवर शंभरावर अर्ज आलेले दिसतात. मी एक्सेल ठेवली होती: तारीख, कंपनी, पद, उत्तर. मार्चअखेर २१४ अर्ज झाले. नकाराची मेल आली अकरांची. फोन आले तीन. बाकीचा रकाना कोरा. नकाराचं इतकं वाईट वाटत नाही हो. त्या कोऱ्या रकान्याचं वाटतं. निदान 'नाही' तरी म्हणा.

नंतर एका भरती करणाऱ्या ओळखीच्या मुलीनं मला दाखवलं की पलीकडून काय दिसतं. ती लोकं अर्ज एकेक वाचत बसत नाहीत. ती शोधतात. त्यांच्याकडं वेगळं सॉफ्टवेअर असतं, त्यात पद, स्किल, किती वर्षं, आणि ठिकाण असे फिल्टर लावायचे. जावा, स्प्रिंग बूट, दोन ते चार वर्षं, पुणे. आणि माझ्या प्रोफाइलवर ठिकाण काय होतं? उस्मानाबाद. गावी आल्यावर मी इमानदारीत बदललं होतं! म्हणजे फिल्टर लावला की मी गायब. त्या दिवशी परत 'पुणे' केलं आणि आठवड्याभरात दोन मेसेज आले. आमच्या जिल्ह्याचं नाव लावून बसलं की आम्ही दिसतच नाही, ही गोष्ट मला आजही टोचते. पण पोटापाण्याचा प्रश्न आहे, बदला बाबांनो.

(नावावरून आठवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रानं 'धाराशिव' नावाला मंजुरी दिली. पुढं मला नोकरी लागली तेव्हा पडताळणीवाल्याचा हैदराबादहून फोन. आधारवर उस्मानाबाद, मार्कमेमोवर उस्मानाबाद, फॉर्मवर धाराशिव. "सर, ये दोनों में से घर कौनसा है?" म्हणलं, दोन्ही.)

तर ते कडं. त्याच्या दोन सेटिंग आहेत हे लक्षात ठेवा. एकात तुम्ही नोकरी शोधताय हे फक्त रिक्रूटरला दिसतं. तुमच्या चालू कंपनीतल्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री ते स्वतःही देत नाहीत. दुसऱ्यात फोटोभोवती हिरवं कडं येतं आणि ते सगळ्या दुनियेला दिसतं. मी आधी पहिलंच ठेवलं होतं. दीड महिना काही हललं नाही. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुसरं लावायचं ठरवलं. ठरवल्यावर लावायला तीन दिवस लागले.

नुसतं कडं लावून भागत नाही, बरोबर पोस्ट लिहावी लागते. आणि तिथली भाषा तुम्हाला माहितीये. प्रत्येक जण 'थ्रिल्ड', प्रत्येक जण 'हंबल्ड'. आपण वाढलोय कशात? आपल्या तोंडानं आपली वाहवा करू नये, चार लोकांनी म्हणावं. तिथं तर आधी आपणच म्हणायचं, मग चार लोक म्हणतात. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी साधंच इंग्रजीत लिहिलं: नोकरी गेलीय, दीड वर्षाचा अनुभव आहे, हे हे काम केलंय, पुण्यात चालेल, बेंगळुरूही चालेल. ४१ लाइक आले. दहा-बारा जण 'सीएफबीआर' लिहून गेले, म्हणजे तुमची पोस्ट जास्त लोकांपर्यंत जावी म्हणून ही कमेंट. चांगल्या मनानंच करतात. पण नोकरी गेलेल्या माणसाला ते गर्दीत कुणीतरी पाठीवर थाप मारून न थांबता पुढं निघून जावं तसं वाटतं.

मग आली आमची येडाईची यात्रा. त्या वर्षी चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: येरमाळ्याच्या येडेश्वरीची ही मोठी यात्रा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि लाखो लोक आमराईकडच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या वर्षी माझी चुलत बहीण आली होती. दाजी आले नव्हते, त्यांची चाकणला एका गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत शिफ्ट होती. ते तिथं क्वालिटीला आहेत. आणि दाजी लिंक्डइनवर आहेत हे मी साफ विसरलो होतो. कधीतरी कॉलेजला असताना त्यांची रिक्वेस्ट घेतली होती.

दाजींचा फोन आला तो मला नाही, अप्पांना. "मामा, त्याला म्हणावं टेन्शन घेऊ नको, आजकाल होतंय असं." अप्पांना काय होतंय तेच माहीत नाही. त्यांनी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला. घरात पंचवीस माणसं. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी गोठ्याकडं हाक मारली.

"तुझी नोकरी गेलीय म्हणं."

"हो."

"कवा?"

"जानेवारीत."

थोडा वेळ म्हशीला वैरण टाकली. मग म्हणाले, "मग माळवदावर हेडफोन लावून कुणाशी बोलत हुतास?"

मला हसावं का रडावं कळेना. अप्पाही हसले नाहीत. रागावलेही नाहीत. आत गेले आणि लोखंडी पेटीतनं एक पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आले. उस्मानाबादच्या सेवायोजन कार्यालयाचं नोंदणी कार्ड, १९८६ सालचं. बारावी झाल्यावर एसटीनं जाऊन, दिवसभर रांगेत उभं राहून त्यांनी ते काढलं होतं.

आपल्या वयाच्या लोकांना हे ऑफिस काय होतं ते माहीत नाही, म्हणून दोन मिनिटं. सेवायोजन कार्यालयात, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, नाव नोंदवायचं. सरकारी खात्यात किंवा मोठ्या कारखान्यात जागा निघाली की ते ऑफिसला कळवणार. तसा १९५९ चा कायदाच होता. खाजगीतही २५ किंवा जास्त माणसं असतील तर जागा कळवायची. गंमत अशी, की कळवायचं बंधन होतं, तिथूनच माणूस घ्यायचं बंधन नव्हतं. मग ऑफिस नोंदणीच्या क्रमानं नावं काढून पोस्टानं 'कॉल' पाठवायचं. लोकं कार्डाचं नूतनीकरण करत वर्षानुवर्षं वाट बघायची. आता ते सगळं 'महास्वयम्' पोर्टलवर गेलंय, आणि जिल्ह्याच्या त्या ऑफिसचं नाव झालंय कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. तिथले रोजगार मेळावे फुकट असतात, जात जा. आयटीचं फार नसतं, पण असतं काहीतरी.

अप्पांना कॉल एकदाच आला. मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर.

मी म्हणलं, "मग तुमचं आणि माझं सारखंच की."

अप्पा म्हणाले, "सारखं कसं? माझं कार्ड पेटीत हुतं. कुणाला दिसत नव्हतं."

बघा, शिक्षण बारावी, शेती आणि दोन म्हशी, आणि मी तीन महिने ज्यावर डोकं फोडत होतो ते त्यांनी एका वाक्यात धरलं. त्यांच्या वेळी नोकरी शोधणं ही तुमची आणि पोस्टमनची गोष्ट होती. आता ती जाहीर करायची गोष्ट झालीय. जो मोठ्यानं सांगेल त्याला मिळायची शक्यता जास्त. आणि मोठ्यानं सांगणं सगळ्यांना सारखं परवडत नाही.

मला काय पडलं त्याचं? बार्शीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा होतं. त्यांच्याकडून कुणी काही बोललं नाही. फक्त फोन उचलायचं बंद झालं. त्यांचं चुकलं असंही मला वाटत नाही. बायोडाट्यात लिहिलेलं खोटं निघालं होतं.

आणि मिळालं काय? नोकरी मिळाली, आणि तीही त्याच कड्यामुळं. पण कशी, ते ऐका.

दाजींनी मला वेगळा फोन केला. म्हणाले, "मला तुमच्या सॉफ्टवेअरमधलं काय कळत नाही. पण आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक जण आहे, गणपतीच्या वर्गणीला भेटतो. तो कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये टीम लीड आहे. विचारू का?" विचारा म्हणलं. आशा शून्य. त्या माणसाला मी आजही तीन-चारदाच भेटलोय. त्यानं माझा रेझ्युमे मागवला, एक प्रश्न विचारला, "हे प्रोजेक्ट खरंच तू केलंय की टीमनं?" मी खरं सांगितलं, टीमनं, माझा भाग एवढा. त्यानं कंपनीच्या पोर्टलवर माझं नाव टाकलं. मग तीन फेऱ्या झाल्या. एसक्यूएलवर माझी चांगली भंबेरी उडाली, जावावर सावरलं. जूनमध्ये रुजू झालो. आज तिथंच आहे.

पुढं मी यावर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की यात नवं काही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा लेख आहे, पुढं खूप गाजला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं की नोकरीची खबर ज्याच्याकडून मिळाली त्याला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले साधारण सहात एक निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्या माणसाला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्या पाण्यातला असतो. वर्गणीला भेटणारा.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्याच माहितीचा अभ्यास आला. 'तुम्ही यांना ओळखत असाल' असं म्हणून ते जी माणसं सुचवतात ना, त्या सुचवण्यात बदल करून पाच वर्षांत दोन कोटी लोकांवर प्रयोग केले होते. आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं, तो वेगळा वाद आहे आणि माझ्या मते वाजवी वाद आहे. निघालं काय? नोकरी बदलायला अगदी जवळचे कमी कामाचे, अगदी परकेही तेवढे नाहीत, मधले उपयोगी. थोडीफार ओळख असलेले. आणि आयटीसारख्या क्षेत्रात हे जास्तच.

आता आमच्याकडचं बघा. जवळच्या माणसांना आम्हाला तोटा नाही. भावकी आहे, सोयरेधायरे आहेत, लग्नाला हजार पत्रिका लागतात. पण त्या हजारांत सॉफ्टवेअरमध्ये कितीजण? पुण्यातल्या सोसायटीत वाढलेल्या मुलाला वरच्या मजल्यावरचा टीम लीड जन्मापासून फुकट मिळतो. आम्हाला तो दाजींच्या मार्फत, वर्गणीच्या पावतीवरून शोधावा लागतो. आणि लिंक्डइनवर भावकी आणि हे लांबचे लोक एकाच चाळणीत असतात. लांबच्याला ऐकू जावं म्हणून ओरडलं की भावकीला आधी ऐकू जातं.

कुणी म्हणेल, हा तर वशिलाच झाला. मलाही काही दिवस तसं खुपत होतं. आमच्या गावात वशिला म्हणजे काय ते मी बघितलंय, संस्थेत चिकटायला किती लाख लागतात तेही ऐकून आहे. पण फरक आहे. वशिल्यात जागा मिळते. रेफरलमध्ये फक्त तुमचा रेझ्युमे कुणीतरी उघडतं. पुढच्या फेऱ्या तुमच्या तुम्हाला. बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्याला, माणूस रुजू झाला तर, बोनसही देतात. म्हणजे तुम्ही भीक मागत नसता, हे डोक्यात पक्कं करा. मात्र 'हाय सर', 'सर जॉब आहे का' असं लिहून काही होत नाही. मला रोज असे येतात. त्यांच्या पोर्टलवरचा जागेचा नंबर शोधा, तो लिहा. त्या जागेला मी का चालतो हे तीन ओळींत लिहा. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव. एवढं केलं की समोरच्याचं काम दोन मिनिटांचं होतं आणि तो करतो. मराठीत लिहिलं तरी चालतं, निदान मला. आणि कुणी नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथंच थांबा. आमच्या शेजारच्या गावच्या पोरानं सोयाबीनच्या पट्टीतले पैसे असे घालवलेत.

इथपर्यंत मी शहाणा होतो. आता माझी चूक.

मागच्या वर्षी माझ्या जुन्या कॉलेजनं ऑनलाइन बोलायला सांगितलं होतं. मी फुशारकीत सांगितलं, लाजू नका, नोकरी नसणं गुन्हा नाही, बिनधास्त हिरवं कडं लावा. टाळ्यांच्या इमोजी आल्या. त्यानंतर काही दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. तिला विचारून सांगतोय, आणि ओळख पटेल असं काही सांगत नाही. लोहारा तालुक्यातली आहे, कॉम्प्युटर शिकलेली, पुण्यात इंटर्नशिप करत होती. मेसेज होता, "सर, मी तुमच्याच जिल्ह्यातली आहे. एक विचारायचं होतं." मी वाचला. नंतर बघू म्हणून बंद केला. आणि सात आठवडे उघडला नाही. मी, ज्याच्या एक्सेलमध्ये दोनशे कोरे रकाने होते!

सात आठवड्यांनी उत्तर दिलं तेव्हा तिनं लिहिलं की इंटर्नशिप संपलीय, पुढं घेतलं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. मैत्रिणींबरोबर रूमवर राहते, साठवलेल्या पैशातून भाडं भरते. मी लगेच पढतमूर्खासारखं लिहिलं, "कडं लावलंय का?"

तिचं उत्तर जसंच्या तसं वाचतो. "सर, तुम्ही कॉलेजमध्ये सांगितलेलं ऐकलं होतं. पण माझे दोन मामेभाऊ लिंक्डइनवर आहेत. कडं लावलं तर संध्याकाळपर्यंत घरी फोन जाईल. मग परत बोलावतील, आणि परत गेल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे. मी तिच्या मेसेजकडं बराच वेळ बघत बसलो. माझी नोकरी गेली तेव्हा हातचं स्थळ गेलं होतं. तिचं उलटं आहे. तिची नोकरी गेली की दारात स्थळ येणार. आणि मी दोनशे पोरापोरींना व्हिडिओ कॉलवर सांगून बसलो होतो की बिनधास्त लावा.

तर कडं न लावता काय करता येतं ते आम्ही दोघांनी मिळून करून बघितलं. फक्त रिक्रूटरवालं सेटिंग ठेवलं. ठिकाण पुणे. हेडलाइनमध्ये 'नोकरी शोधतेय' असं न लिहिता काय येतं ते लिहिलं: जावा, एसक्यूएल, मॅन्युअल टेस्टिंग. स्वतःची काही बातमी न देता दर आठवड्याला एक छोटी पोस्ट, आज हा एरर आला, असा सोडवला. मामेभावांना त्यात काही कळत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळतं. हे लिहायला तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. आणि मोठ्यानं सांगायचं काम तिच्या वतीनं मी करायचं. माझ्या कंपनीत रेझ्युमे दिला, ती जागा मधेच थांबवली गेली. मग वर्गणीवाल्या त्याच माणसाला विचारलं. त्यानं त्याच्या जुन्या कंपनीतल्या एकाला विचारलं. तिथं पहिली फेरी झालीय. दुसरी येत्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. रूमवर रेंज नीट नसते, म्हणून तिनं मैत्रिणीच्या ऑफिसजवळची एक लायब्ररी बघून ठेवलीय.

तिचं नाव मी इथं घेणार नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या कंपनीत पुण्यात जावाची किंवा टेस्टिंगची फ्रेशरची जागा असेल, तर मला मेल करा. जागेचा नंबर टाका. रेझ्युमे माझ्याकडं तयार आहे, त्याच दिवशी पाठवतो.